नऊच्या तारा काढून अकराच्या चढवताना

इलेक्ट्रिक गिटारवरचा ९-४२ चा (सर्वांत बारीक तार ९, सर्वांत जाड ४२) संच उतरवून ११-४९ चा चढवला, सूर लावला आणि लगेच वाजवायला घेतलं, तर गिटार बिघडल्यासारखीच वाटते. ब्रिज, म्हणजे तारांचं गिटारच्या अंगाकडचं टोक धरणारा भाग, मागून उचललेला असतो, तारा फ्रेटबोर्डपासून लांब गेलेल्या असतात, बाराव्या फ्रेटवरचा (फ्रेट म्हणजे फ्रेटबोर्डवरची धातूची आडवी पट्टी) सूर चढा लागतो आणि खुंटी जरा फिरवली की नटमध्ये (खुंट्यांजवळच्या, तारांसाठी खाचा असलेल्या पट्टीत) ‘टिक’ असा आवाज होऊन सूर एकदम उडी मारतो. यात तारांचा दोष नाही आणि गिटारचाही नाही. गिटार एका ठरावीक ताणाला तोलून बसवलेली होती आणि तो ताण एका बैठकीत चाळीस टक्क्यांनी वाढला.

इथे सांगितलेलं काम ज्या गिटारवर केलं तिचं स्केल (नटपासून ब्रिजपर्यंत तारेची वाजणारी लांबी) २५.५ इंच, फ्रेटबोर्डची गोलाई साडेनऊ इंच, ब्रिज दोन खांबांवर तरंगणारा ट्रेमोलो (दांड्याने हलवून सूर खालीवर करता येणारा) आणि पिकअप, म्हणजे तारांचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे भाग, तीन सिंगल कॉइल. सगळ्यात नखरेल रचना हीच, म्हणून तीच घेतली. ब्रिज पक्का असेल तर यातला निम्मा त्रास वाचतो.

आधी आकडे. गेज म्हणजे तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात, वर्कशॉपच्या भाषेत थाऊमध्ये. ९-४२ चा नेहमीचा संच म्हणजे ९, ११, १६, २४, ३२, ४२. दहाचा संच १०, १३, १७, २६, ३६, ४६. अकराचा ११, १४, १८, २८, ३८, ४९; काही कंपन्या शेवटची तार ४८ ची देतात. साध्या, न गुंडाळलेल्या तारेचा ताण तिच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे नऊवरून दहावर जाणं ऐकायला ‘एक पाऊल’ वाटतं, पण पहिल्या तारेचा ताण तेवीस टक्के वाढतो. खरी गंमत दुसऱ्या तारेची आहे. ती ११ वरून १३ वर जाते, म्हणजे ताण चाळीस टक्के जास्त. तिसरी मात्र १६ ची १७ होते, वाढ जेमतेम तेरा टक्के. दहाचा संच पहिल्यांदा लावणारे ‘दुसरी तार दगडासारखी लागते’ म्हणतात ते उगाच नाही. नऊच्या संचात दुसरी तार मुळातच सैल असते, सगळ्या सहांत सर्वांत सैल.

किलोमध्ये सांगायचं तर या स्केलवर नेहमीच्या सुरात ९-४२ चा एकूण ताण साडेअडतीसच्या आसपास, १०-४६ चा सत्तेचाळीस आणि ११-४९ चा चोपन्नच्या घरात. पहिली तार ६ किलोवरून ९ च्या जवळ, दुसरी ५ वरून ८ वर, तिसरी पावणेसातवरून साडेआठच्या जवळ. गिटारच्या नेकवर पंधरा किलोंचा जादा भार कायमचा टांगला, असं समजा.

स्केल आणि सूर यांचा हिशोबही याच वर्गाने चालतो. २४.७५ इंचांच्या गिटारवर तोच संच सहा टक्के सैल लागतो. अर्धा सूर खाली उतरवला की ताण अकरा टक्के कमी होतो. म्हणून अकराचा संच अर्धा सूर खाली लावला तर तो दहाच्या संचापेक्षा थोडाच कडक राहतो. ‘अमुक वादक तेराच्या तारा वापरायचा’ हे ऐकताना सूर किती खाली होता हेही विचारायला हवं. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉनच्या तेराच्या तारांचा दाखला सगळे देतात. त्या अर्धा सूर उतरवलेल्या असत, हे फार थोडे सांगतात.

कापण्याआधी चाचणी

जाड तारांसाठी नटच्या खाचा रुंद कराव्या लागतात आणि कापलेली खाच पुन्हा भरून येत नाही. म्हणून बोटांना हा ताण झेपतो का, हे कानस हातात घेण्याआधी तपासावं. त्याचा सोपा मार्ग म्हणजे अंगावर असलेल्या नऊच्या तारा एक पूर्ण सूर वर चढवणं. ताण सव्वीस टक्के वाढतो, म्हणजे पहिली तार जवळजवळ दहाच्या तारेइतकी कडक होते. दुसरी थोडी मागे राहते, तिसरी थोडी पुढे जाते, पण अंदाज येतो. तरंगता ब्रिज असेल तर त्याला आधी पाचर लावून स्थिर करा, नाहीतर तो वर उचलला जाऊन सगळा प्रयोग फसेल. चढवलेल्या पहिल्या तारेवर मोठे बेंड (तार बाजूला ढकलून सूर चढवणं) मात्र नकोत. साधी पोलादी तार कोणत्या सुराला तुटेल हे तिच्या जाडीवर जवळजवळ अवलंबून नसतं, लांबीवर असतं, आणि एक सूर चढवल्यावर आपण त्या मर्यादेच्या बरेच जवळ आलेलो असतो.

या चाचणीत दहाच जड वाटले, तर अकराचा विचार सोडून द्यावा किंवा अर्धा सूर उतरवून वाजवण्याची तयारी ठेवावी.

जुनी मापं लिहून ठेवणं

हे कंटाळवाणं काम आहे आणि नेमकं तेच टाळलं जातं. तारा उतरवण्याआधी, सूर लावलेला असताना, चार मापं कागदावर उतरवली. नेकचा बाक: पहिल्या फ्रेटवर कापो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटची फ्रेट बोटाने दाबलेली, आठव्या फ्रेटवर सहाव्या तारेखालची फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पानांच्या मापाने) मोजायची. ती ९ थाऊ होती. सतराव्या फ्रेटवर तारांची उंची, दोन्ही बाजूंना १.६ मिलिमीटर. ब्रिजच्या पत्र्याखाली मागच्या कडेची फट ३.२ मिलिमीटर, म्हणजे बरोबर एक सूत. शेवटची फ्रेट दाबून पिकअपच्या चुंबकापासून तारेच्या पोटापर्यंतचं अंतर, जाड बाजूला २.४ आणि बारीक बाजूला २ मिलिमीटर. साडेनऊ इंच गोलाईच्या गिटारला ही मापं साधारण प्रमाण मानली जातात. मापताना गिटार वाजवतो तशी उभी धरायची; टेबलावर उताणी ठेवली की नेक स्वतःच्या वजनाने वाकते आणि आकडा खोटा येतो.

शेवटी हीच मापं परत मिळवायची आहेत. गेज बदललं म्हणून ध्येय फारसं बदलत नाही, तिथवर पोचायचा रस्ता बदलतो.

नट

कामाचा क्रम महत्त्वाचा: नट, मग तारा, मग ब्रिजचा तोल, मग ट्रस रॉड (नेकचा बाक कमीजास्त करणारी आतली सळई), मग सॅडलची (ब्रिजवरच्या प्रत्येक तारेच्या टेकूची) उंची, मग इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागेल अशी तारेची लांबी जुळवणं), सर्वांत शेवटी पिकअप. प्रत्येक पायरी तिच्यापुढच्या सगळ्या पायऱ्या हलवते, मागच्या फारशा हलवत नाही. उलट्या क्रमाने गेलात तर इंटोनेशन तीनदा लावाल.

४२ च्या तारेसाठी कापलेली खाच ४४-४५ थाऊ रुंद असते. ४९ ची तार तिच्या तळाशी बसतच नाही, दोन भिंतींच्या मध्ये अडकून वर राहते. यातून दोन दोष निघतात. पहिला, तार खाचेत चिकटते: खुंटी फिरवली तरी सूर जागचा हलत नाही, मग एकदम उडी मारतो, आणि ट्रेमोलो वापरला की तार परत मूळ जागी येत नाही. दुसरा दोष ओळखायला अवघड. तार नटपाशी उंच राहिल्यामुळे पहिल्या तीन फ्रेटवर ती जास्त खाली दाबावी लागते आणि तिथले सूर चढे लागतात. वरच्या फ्रेटवर सगळं ठीक असतं. लोक हा दोष सॅडलच्या माथी मारतात आणि ब्रिजवर तासभर घालवतात. मोकळे कॉर्ड बेसूर आणि बाराव्या फ्रेटवर सूर बरोबर, असं असेल तर नटकडे बघा.

तपासणी अशी: नव्या तारेचा तुकडा खाचेत ठेवून पुढेमागे सरकवायचा. तो स्वतःच्या वजनाने तळाशी जाऊन बसला पाहिजे आणि अडखळता कामा नये. अकराच्या संचातल्या पहिल्या दोन तारा जुन्या खाचांत बसल्या. बाकी चारही खाचा रुंद कराव्या लागल्या. खाच तारेच्या जाडीपेक्षा दोन-तीन थाऊच रुंद हवी. त्यासाठी नटच्या कानशी मिळतात, प्रत्येकीवर माप लिहिलेलं असतं. जाड तारेसाठी ५२ ची कानस पुरते. ती मिळत नसेल तर थोडी अरुंद कानस घेऊन मनगट किंचित डावी-उजवीकडे झुकवत भिंती घासता येतात. कानशीचं नाक खुंट्यांच्या बाजूला किंचित खाली झुकलेलं ठेवायचं, म्हणजे तार खाचेच्या फ्रेटबोर्डकडच्या कडेवर टेकते. उतार उलटा गेला तर तार खाचेच्या मध्येच कुठेतरी टेकते आणि सतारीसारखी झणझण सुरू होते.

घासायच्या आहेत त्या भिंती, तळ नव्हे. पण कानस तळही खातेच. म्हणून पहिल्या फ्रेटची उंची अधिक आठ थाऊ इतकी फीलर गेजची पानं एकत्र करून नटसमोर फ्रेटबोर्डवर टेपने चिकटवली. कानस त्या पानांना टेकली की थांबायचं. नंतर तार चढवून दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबली आणि पहिल्या फ्रेटवरची फट बघितली. जाड बाजूला ६-८ थाऊ, बारीक बाजूला ३-५ पुरे. तार फ्रेटला टेकलीच तर खाच खोल गेली. हाडाची पूड खाचेत भरून वर सुपर ग्लूचा थेंब, हा उपाय चालतो, पण काही महिनेच. पक्का उपाय नवा नट. शेवटी शिसपेन्सिलीचं शिसं खाचेत घासलं की तार लोण्यासारखी सरकते.

खुंट्यांवर एक सूचना. गुंडाळलेल्या तारांना दोन-अडीच वेढे, साध्यांना तीन-चार. जास्त वेढे म्हणजे ताणून बसायला जास्त तार, म्हणजे सूर उतरत राहणार. गुंडाळलेली तार आधी काटकोनात वाकवायची, मग कापायची. सरळ असतानाच कापली तर वरची गुंडाळी सैल होऊ शकते आणि ती तार आयुष्यभर मंद वाजते.

ब्रिजचा तोल

तरंगता ब्रिज म्हणजे तराजू आहे. एका पारड्यात तारांची ओढ, दुसऱ्यात मागच्या पोकळीतल्या स्प्रिंगांची. अकराच्या तारा लावून सूर चढवायला गेलं की ब्रिज मागून उचलला जातो. एक तार सुरात आणली की ब्रिज अजून उचलला जातो आणि बाकीच्या पाच उतरतात. असा पाठलाग करत अर्धा तास सहज जातो.

पाचर हा त्यावरचा उपाय आहे. मागचं झाकण काढलं. तारा ओढतात तेव्हा ब्रिजचा लोखंडी ठोकळा गिटारच्या शेपटाकडे झुकतो, म्हणून पाचर ठोकळा आणि शेपटाकडची भिंत यांच्यामध्ये जाते. ब्रिजखाली ३.२ मिलिमीटरची फट राहील एवढ्या जाडीची लाकडी पट्टी घासून तयार केली आणि तिथे बसवली. आता ब्रिज पुढे झुकू शकत नाही. निवांत सहाही तारा सुरात आणल्या. मग क्लॉचे, म्हणजे स्प्रिंगांची दुसरी टोकं अडकवलेल्या पत्र्याचे, दोन स्क्रू अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने, दोन्ही सारखे, आवळत गेलो. स्प्रिंगांची ओढ तारांच्या ओढीइतकी झाली की पाचर सैल होते आणि स्वतःच निसटते. त्या क्षणी सूर तपासला: तारा दोन-तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) इकडेतिकडे, बस. खरं तर या सगळ्या कामातला समाधानाचा क्षण हाच.

नऊच्या संचाला तीन स्प्रिंगा होत्या. अकराला तीनच ठेवून बघितल्या. क्लॉ पोकळीच्या भिंतीला टेकायला आला तरी पाचर सुटेना. चौथी स्प्रिंग लावली आणि स्क्रू चार-पाच फेरे मागे घेतले. दहाच्या संचाला बहुतेक वेळा तीन पुरतात. चौथ्या स्प्रिंगमुळे ट्रेमोलोचा दांडा जड झाला, त्याची हलकी थरथर काढणाऱ्यांना हे आवडणार नाही. स्क्रू फार घट्ट वाटला तर तारा सैल करून मग फिरवा. डोकं झिजलेला स्क्रू लाकडातून काढणं हा वेगळाच अध्याय आहे. क्लॉला डाग दिलेली अर्थिंगची वायर असते, ती ओढली जाऊन तुटत नाही ना, तेही बघा. तुटली तर गिटार हातात घेतल्यावर गुणगुण वाढते आणि दोष पिकअपचा समजला जातो.

ट्रस रॉड

आता नेक. सूर लावून, ब्रिज तोलात आल्यावरच बाक मोजायचा. आकडा १७ थाऊ आला. आधी ९ होता. मधल्या फ्रेटवर तारा झोपाळ्यासारख्या उंच. ट्रस रॉड आवळण्यासाठी चावी घड्याळाच्या दिशेने, एका वेळी आठवा भाग फेरा. फिरवण्याआधी तारा अर्धा-एक सूर उतरवल्या तर आट्यांवर जोर कमी येतो. चावी त्याच मापाची हवी, ‘जवळपास बसते’ अशी नको. इंची नटात मिलिमीटरची चावी घातली की षटकोनाच्या कडा गोल होतात आणि मग नेक उघडल्याशिवाय गत्यंतर नसतं.

दोन वेळा आठवा भाग, म्हणजे एकूण पाव फेरा, एवढ्याने बाक ११ थाऊवर आला. तिथेच थांबलो. लाकूड हुकमाने हलत नाही. रात्रभरात तो आकडा आणखी थाऊभर उतरतो किंवा चढतो. दुसऱ्या दिवशी १० होता. प्रमाण माप तेच आहे, पण अकराच्या तारा कमी झुलतात म्हणून ८ थाऊवरही भागतं.

चावी फिरता फिरत नसेल तर जबरदस्ती नको. रॉड आधीच शेवटाला पोचलेला असू शकतो, आणि तुटलेला ट्रस रॉड दुरुस्त करण्यापेक्षा दहाचा संच लावणं केव्हाही शहाणपणाचं.

उंची आणि इंटोनेशन

बाक कमी झाल्यामुळे तारा आपोआप थोड्या खाली आल्या होत्या. सॅडलचे बारीक स्क्रू फिरवून सतराव्या फ्रेटवर जाड बाजूला १.६, बारीक बाजूला १.५ ठेवलं. तारांची कमान साडेनऊ इंचाच्या गोलाईच्या पट्टीने तपासली. पिकने सारख्याच जोराने छेडली तर जास्त ताणाची तार कमी झुलते, म्हणून जाड तारांना उंची थोडी कमी चालते. पण माणूस जाड तारांना जास्त जोराने मारतो, आणि फायदा तिथल्या तिथे फिटतो.

इंटोनेशनमध्ये सहाही सॅडल मागे गेली, अर्ध्या ते दीड मिलिमीटरपर्यंत. कारण तारेचा ताठरपणा. आदर्श तार फक्त ताणामुळे कंप पावते. खरी तार थोडीशी सळईही असते आणि सळईसारखी वाकायला नकार देते. हा परिणाम साध्या तारेत जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तार आखूड झाली की आणखी जाणवतो, म्हणून वरच्या फ्रेटवर सूर चढतो. सॅडल मागे नेऊन लांबी वाढवली की हिशोब जुळतो. साध्या तारांत सर्वांत हट्टी तिसरी, १८ ची. ती नेहमीच सर्वांत मागे जाते.

कृती सगळ्यांना माहीत असते: मोकळी तार सुरात, मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर यांची तुलना. दाबलेला चढा तर सॅडल मागे, उतरता तर पुढे. जे सांगितलं जात नाही ते असं: सॅडल मागे नेण्याआधी तार सैल करा, कारण ताणाखाली तो स्क्रू आटे खातो. प्रत्येक बदलानंतर सहाही तारा पुन्हा सुरात आणा, कारण तरंगत्या ब्रिजवर एक हलली की सगळ्या हलतात. दाबताना नेहमी वाजवता तेवढाच जोर लावा. घट्ट दाबून चार सेंट चढवणं सोपं आहे. सहाव्या तारेचं सॅडल मागे नेताना स्प्रिंग पूर्ण दबली आणि स्क्रू पुढे जाईना. स्प्रिंग काढून तिचे दोन वेढे कापले आणि परत घातली. पुरलं.

तिसरी तार गुंडाळलेली घेतली तर तिचा गाभा बारीक असल्याने तिचं सॅडल पुढे येतं आणि कॉर्डमध्ये सूर छान बसतो. किंमत बेंडमध्ये मोजावी लागते: तेवढाच सूर चढवायला तार बरीच जास्त ढकलावी लागते.

बेंडचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज. साध्या जाड तारेला एक सूर बेंड करायला जास्त लांब ढकलावं लागत नाही. अंतर जवळजवळ तेवढंच असतं. ताण आणि तारेचा ताणायला होणारा विरोध, दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात. वाढतो तो फक्त जोर. नऊची तार आणि अकराची तार यांत तो जोर दीडपट. म्हणून नव्या तारांवर पहिले काही दिवस बेंड खाली पडतात. कान जागेवर असतो, बोटं थकतात.

आवाज

आता ज्यासाठी हे सगळं केलं तो भाग. अकराच्या तारांवर पहिला कॉर्ड मारला आणि आवाज भरदार वाटला. पण त्या क्षणाचा निकाल मान्य करू नये. तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: तारा नव्या आहेत, पिकअपपुढे जास्त पोलाद हलतंय म्हणून सिग्नल मोठा आहे, आणि मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो.

म्हणून तुलना अशी केली. नव्या नऊच्या तारांवर, तारा बदलण्याआधी, तोच पिक, तीच पट्टी, गिटार थेट इंटरफेसला (संगणकात आवाज घेणाऱ्या यंत्राला) जोडून रेकॉर्ड करून ठेवलं होतं. अकराच्या तारांवर तेच पुन्हा, सगळा सेटअप संपल्यावर. मग दोन्हींची पातळी कानाला सारखी केली. फरक उरला, पण निम्मा. उरलेला असा: पिकचा ठोका जास्त घट्ट, जोरात मारल्यावर सुरुवातीला सूर जो क्षणभर चढतो तो कमी, मूळ सुराला वजन जास्त, आणि साध्या तारांची वरची चमक थोडी मंद. त्यामागे तोच ताठरपणा आहे. जाड तारेतले वरचे स्वरांश आपल्या जागेपासून जास्त चढे सरकतात आणि लवकर विझतात. डिस्टॉर्शन वाढवल्यावर चित्र उलटलं. खालच्या तारांवरचे कॉर्ड अकराच्या संचावर चिखल झाले. नऊच्या संचावर प्रत्येक सूर वेगळा ऐकू येत होता. ‘झीझी टॉप’चा गिटारवादक बिली गिबन्स सातच्या तारांवर जो जाडजूड आवाज काढतो तो ऐकल्यावर ‘जाड तार म्हणजे जाड आवाज’ हे समीकरण तसंही टिकत नाही. ॲम्प, हात आणि पिकअपची उंची मिळून गेजपेक्षा जास्त बोलतात.

पिकअपची उंची सगळ्यात शेवटी ठेवायचं कारणही हेच. जुन्याच मापावर ठेवली तर जाड तारा जास्त सिग्नल देतात आणि ॲम्प लवकर फाटायला लागतो. त्याला लोक ‘जाड तारांचा टोन’ म्हणतात. जाड बाजूला अर्धा मिलिमीटर खाली केल्यावर खर्जातली गर्दी बरीच निवळली. बारीक बाजू जागेवर ठेवली. सिंगल कॉइलचं चुंबक तारेच्या फार जवळ असेल तर ते तारेला ओढतं, वरच्या फ्रेटवर सूर डगमगतो आणि एकाच वेळी दोन सूर ऐकल्याचा भास होतो. 

जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये तिसऱ्या तारेखालचं चुंबक सर्वांत उंच असतं. ती रचना तिसरी तार गुंडाळलेली असायची त्या काळातली. तिथे १८ ची साधी तार आली की ती बाकीच्यांच्या वर ओरडते. चुंबक ठोकून खाली करायला जाऊ नका, आतलं वेटोळं तुटतं. अशा वेळी गुंडाळलेली तिसरी तार किंवा सपाट चुंबकांचा पिकअप, दोनच पर्याय.

पिकही बदलावा लागला. ०.७३ चा पिक अकराच्या तारेवर स्वतःच वाकतो आणि ठोका बोथट होतो; ०.८८ ने तो परत आला. गंमत म्हणजे ‘जाड तारा मंद वाजतात’ ही तक्रार या एका बदलाने बरीचशी मिटते.

वर सैल, खाली कडक असा मिश्र संच हाही मार्ग आहे: ९-४६ किंवा १०-५२. सहावी तार खाली उतरवून वाजवणाऱ्यांना तो खास उपयोगी. पण तिथे ताणाचा तोल जाड बाजूला झुकतो, म्हणून बाक आणि ब्रिज पुन्हा तपासायचेच. नटच्या शेवटच्या तीन खाचाही.

उलट प्रवास, म्हणजे अकरावरून नऊवर, याच पायऱ्यांनी पण उलट दिशेने. ब्रिज मागे झोपतो, नेक उलटी वाकते आणि पहिल्या पाच फ्रेटवर तारा खरखरतात. ट्रस रॉड पाव फेरा सैल, एक स्प्रिंग कमी, सॅडल पुढे. फक्त रुंद केलेल्या नटमध्ये ४२ ची तार सैल बसते आणि मोकळी वाजवली की झणझणते. तिथे नवा नट लागतो.

आठवड्याने पुन्हा मापं घेतली. तारा ताणून स्थिरावल्या होत्या, बाक १० वरच होता, ब्रिजखालची फट अर्धा मिलिमीटर वाढली होती. क्लॉचे स्क्रू पाव-पाव फेरा आवळल्यावर परत ३.२. पाचरीवर पेन्सिलीने तिची जाडी आणि ‘अकरा, चार स्प्रिंगा’ असं लिहून ती केसमध्ये टाकली. पुढचा संच चढवताना तीच लागणार आहे.